गिअर जड पडतो

कलावती जाऊन वर्ष होत आलं, तेव्हा दयाराम रामटेकेच्या गाडीचे गिअर जड पडू लागले.

गाडी जुनी होती. पांढरी मारुती, बदली होऊन गेलेल्या एका साहेबाकडून घेतलेली. फॅक्टऱ्यांजवळच्या रांझी वस्तीतल्या त्याच्या घरासमोर कडुनिंबाखाली ती उभी असायची आणि निंबोळ्यांच्या दिवसांत तिचं छत चिकट व्हायचं. मग दयाराम बादलीभर पाणी आणि जुनी बनियन घेऊन ती पुसत बसे. गल्लीतली माणसं म्हणायची, रामटेकेजींची गाडी म्हातारी आहे, पण आवाज पोरीसारखा आहे. ते खरंही होतं. दयारामची सगळी नोकरी फॅक्टरीत टेस्ट ड्रायव्हर म्हणून झाली होती. फौजेसाठी बनलेला ट्रक बाहेर पडण्याआधी आत ट्रॅकवर पळवायचा, चढावर थांबवायचा, पुन्हा उचलायचा आणि कुठे काय कुरकुरतं ते सांगायचं, हे त्याचं काम. त्याचे वडील मोतीराम भंडाऱ्याकडून याच फॅक्टऱ्यांच्या ओढीनं आले होते. पुढे राज्यांच्या सीमा बदलल्या, नागपूर-भंडारा मराठी राज्यात गेले आणि रामटेके इकडे हिंदी राज्यात राहिले. घरात मराठी, दाराबाहेर हिंदी, अशा दोन बोलींत दयाराम वाढला, आणि तशाच दोन बोलींत त्याची मुलगी शैलजाही वाढली. फक्त तिच्या बाजूला हिंदीचा पाय जास्त पसरला.

कलावती एका सकाळी अंगण झाडताना खाली बसली आणि उठली नाही. दवाखान्यात नेईपर्यंत सगळं झालं होतं. त्या दिवशी दयारामनं आलेल्या माणसांना चहा केला. खुर्च्या कमी पडल्या तर शेजारून आणल्या. विहारातून भन्तेजी आले, वंदना झाली, तेव्हा तो हात जोडून सगळं नीट म्हणाला. रडला नाही. नात्यातल्या बायका आपसात म्हणाल्या, माणूस मोठा खंबीर आहे. दुसरी कुणी म्हणाली, आत कोंडून ठेवलं आहे, एक दिवस बाहेर येईल. दयारामनं दोन्ही ऐकलं. त्याला स्वतःला आत काही कोंडलेलं सापडत नव्हतं. वाटायचं, आपल्या आणि बाकी सगळ्याच्या मध्ये कुणी जाड गोधडी धरली आहे. भाजीत मीठ नसलं तरी तो जेवून उठायचा. शैलजा स्वतः जेवायला बसली की तिला कळायचं.

शैलजा शहराबाहेरच्या पनागर गावातल्या एका शाळेत शिकवायची. लग्न केलं नव्हतं. आईनंतर घर तिच्यावरच आलं आणि तिनं ते कुरकुर न करता घेतलं. बापलेकीत बोलणं मोजकंच होतं. पूर्वी दोघांच्या मधलं बोलणंसुद्धा कलावतीच बोलायची.

त्या वर्षात दयारामच्या हातून बारीकसारीक गोष्टी घडू लागल्या. एकदा बाजारातून आला तो एकाच पायात चप्पल घालून. शैलजानं विचारलं तेव्हा त्यानं खाली पाहिलं आणि त्यालाही नवल वाटलं. डाव्या पायातली चप्पल पानठेल्यापाशीच निघून पडली होती. ठेलेवाल्यानं ती उचलून बाजूला ठेवली होती. शैलजा जाऊन घेऊन आली. शेजारणी म्हणाल्या, बाई गेल्यापासून लक्षच नाही बिचाऱ्याचं. दयारामलाही तेच खरं वाटलं. कधीकधी फरशीवरून चालताना पायाखाली कापूस अंथरल्यासारखं वाटे. पण तेव्हा त्याला सगळंच तसं वाटत होतं. पायाचं काही वेगळं असेल हे डोक्यातच आलं नाही. शिवाय फॅक्टरी सोडल्यावर त्यानं कधी डॉक्टरचं तोंड पाहिलं नव्हतं, आणि रात्री पाणी पिण्यासाठी वारंवार उठावं लागतं हे सांगायला आता कलावती नव्हती.

गिअरचं मात्र त्यानं मनावर घेतलं. ते त्याच्या हातातलं काम होतं.

आधी पहिला गिअर अडू लागला. मग रिव्हर्स टाकताना कर्रर्र असा आवाज, जसं आत कुणी दात खातंय. एका रविवारी त्यानं गाडी कडुनिंबाखाली उभी ठेवून पद्धतशीर तपासायला घेतली. इंजिन बंद ठेवून चारही गिअर टाकून पाहिले. सगळे लोण्यासारखे गेले, रिव्हर्ससुद्धा. म्हणजे दांडीत दोष नाही, दांडीखालचे बुश, म्हणजे आधाराची कडी, ठीक आहेत, गिअरबॉक्सच्या आत काही तुटलेलं नाही. मग इंजिन चालू करून तेच केलं, तर पहिला अडला आणि रिव्हर्स ओरडला. याचा अर्थ एकच. क्लच पूर्ण सुटत नाही. पॅडल दाबलं तरी इंजिनाचं फिरणं थोडं गिअरबॉक्सपर्यंत पोचतं आणि फिरत्या दात्यांत गिअर शिरायला तयार होत नाही. फॅक्टरीत नव्या पोरांना त्यानं हे किती वेळा सांगितलं होतं. त्या विचारानं त्याला जरा बरं वाटायला हवं होतं. वाटलं नाही, पण काम सुचलं.

क्लचची केबल जुनी झाली की ताणते. त्यानं बॉनेट उघडून केबलच्या टोकाचा नट थोडा आवळला. पॅडल जरा वरूनच पकडू लागलं आणि गिअर पुन्हा सहज पडू लागले. शैलजाला त्यानं जेवताना सांगितलं, केबल ढिली होती. ती म्हणाली, अच्छा.

काही आठवड्यांनी तेच. त्यानं आणखी आवळला. पुन्हा काही दिवस बरं चाललं, पुन्हा जड. असं करता करता नट असा आवळला गेला की पॅडलला ढिलाई म्हणून उरली नाही, आणि आता दुसरंच सुरू झालं. चढावर इंजिन ओरडायचं, पण गाडी उचलायची नाही. क्लच घसरत होता. आवळलं तर घसरतो, ढिला केला तर सुटत नाही. इतकी वर्षं गाड्या ऐकलेल्या दयारामला ही गाडी काय सांगते आहे ते कळेना.

मग घमापूरच्या चौकात व्हायचं ते झालं. हिरवा दिवा लागला, पहिला पडला नाही, मागून हॉर्न सुरू झाले. त्यानं जोर केला, दांडी धक्क्यानं आत गेली आणि गाडी उडी मारून पुढच्या सायकलरिक्षावर गेली. रिक्षाचं मागचं चाक वाकडं झालं. रिक्षात बसलेली बाई उतरून उभी राहिली आणि तिनं आपल्या पिशवीतली वांगी मोजली. कुणाला लागलं नाही. लोक जमले, बोलले, पांगले. दयारामनं रिक्षावाल्याला चाक नीट करून दिलं, घरी आला आणि पलंगावर बसला. हात थरथरायला हवे होते असं त्याला वाटलं. ते मांडीवर शांत पडले होते.

शैलजानं ऐकलं आणि पहिल्यांदाच आवाज चढवला. "बाबा, आता तुमी हात नका लावू. गाडी नथ्थूभैयाकडे टाका. मी छुट्टी घेते, चलते साथ में."

नथ्थूचं गॅरेज म्हणजे रस्त्याकडेची एक टपरी आणि तिच्यासमोरची तेलानं काळी झालेली जमीन. नथ्थू दयारामला ओळखत होता, दादा म्हणायचा. त्यानं बॉनेट उघडलं, केबल हातानं ओढून पाहिली आणि विचारलं की इतकं टाइट कुणी केलं. दयाराम म्हणाला, मीच. नथ्थूनं बॉनेट लावलं. त्यानं गाडी दोन दिवस ठेवून घेतली, केबल नवी टाकली, गिअरबॉक्स उतरवून क्लचप्लेट पाहिली. प्लेट घासली होती, ती बदलली. तेल बदललं. पॅडलची ढिलाई जेवढी हवी तेवढीच ठेवली.

शनिवारी बापलेक गाडी आणायला गेले. नथ्थूनं आधी स्वतः एक फेरी मारली आणि गिअर कसे पडतात ते शेजारी बसलेल्या दयारामला दाखवलं. अगदी अलगद. मग दयाराम चाकामागे बसला. पहिला अडला. रिव्हर्स ओरडला.

नथ्थूनं डोकं खाजवलं. तो पुन्हा बसला, गिअर पुन्हा अलगद पडले. दयाराम बसला, पुन्हा कर्रर्र. दयारामला वाटलं, हा पॅडल दाबताना काहीतरी वेगळं करतो आहे. नथ्थू शैलजाकडे वळला, तिला चालवता येतं का विचारलं. शैलजानं कॉलेजात असताना शिकून लायसन काढलं होतं, त्यानंतर फारशी चालवली नव्हती. ती घाबरत बसली. गाडी दोनदा बंद पडली, पण गिअर एकदाही अडला नाही. रिव्हर्स असा गेला की तिनंच विचारलं, पडला का?

मग नथ्थूनं दयारामला पुन्हा बसवलं, ड्रायव्हरच्या बाजूचं दार उघडं ठेवलं आणि स्वतः दाराशी उकिडवा बसला. इंजिन चालू होतं. त्यानं गिअरकडे पाहिलंच नाही. तो खाली पाहत होता.

"दादा, क्लच दबाइए."

दयारामनं दाबलं.

"पूरा दबाइए."

"दाबला तर आहे पूरा."

नथ्थूनं हात आत घालून दयारामच्या जोड्याच्या टोकावर ठेवला आणि ढकललं. पॅडल आणखी दोन बोटं खाली गेलं. "अब डालिए," तो म्हणाला. दयारामनं रिव्हर्स टाकला. गेला, आवाज न करता.

दयाराम वाकून आपल्या पायाकडे पाहत राहिला. पॅडल तळाला टेकलं आहे की अर्ध्यात आहे, हे पायानं त्याला सांगितलंच नव्हतं. तो फक्त मनात म्हणाला होता की दाबला, आणि दाबला असं समजला होता. इतके महिने नट आवळत होता तेव्हा गाडीत काहीच बिघडलेलं नव्हतं. जे कमी होत होतं ते त्याच्या पायात होतं, आणि नट आवळला की तेवढ्या कमी पायात भागत होतं. मग पाय आणखी कमी व्हायचा.

नथ्थू म्हणाला की जोडा जड असेल, काढून बघा. दयारामनं नाडी सोडून जोडा ओढला. मोजा तळाशी ओला होता आणि निघेना. शैलजानं खाली बसून तो हळूहळू सोडवला. तळव्याला, करंगळीच्या खाली, एक जखम होती, कडेला पांढरी आणि मध्ये काळपट. जोड्यात हात घातला तेव्हा कळलं की तळातून एक चूक, बारीक खिळा, वर आली आहे. ती घेऊन दयाराम किती दिवस रांझीच्या बाजारात चालत होता, कुणाला ठाऊक.

शैलजानं विचारलं, "बाबा, दुखत नाही का हे?"

दयारामनं पायाकडे पाहिलं, जसं दुसऱ्या कुणाच्या पायाकडे पाहावं. "नाही," तो म्हणाला. "काहीच नाही."

गाडी तिथून दवाखान्यापर्यंत शैलजानं नेली.

डॉक्टर तरुण होते, घाईत होते, पण नीट पाहत होते. रक्त घेतलं, साखर इतकी होती की त्यांनी चाचणी पुन्हा करायला सांगितली. मग दयारामला डोळे मिटायला लावले आणि सांगितलं, पायाला काही टोचलं की हं म्हणा. दयाराम डोळे मिटून पडला. पंख्याचा आवाज ऐकू येत होता, बाहेर कुणीतरी नाव पुकारत होतं. डॉक्टर कधी सुरू करतात याची तो वाट पाहत राहिला. बऱ्याच वेळानं त्यानं डोळे उघडले, तर डॉक्टर हात धूत होते. त्यांचं झालं होतं.

शैलजा भिंतीकडे तोंड करून उभी होती. तिनं सगळं पाहिलं होतं, पिन कुठेकुठे लागली ते.

उजवाही पाय त्याच वाटेवर आहे, डॉक्टर म्हणाले, फक्त मागे आहे. हे एका दिवसात झालेलं नाही, दोनचार वर्षांचं असावं. दयारामनं हिशेब केला, तेव्हा कलावती होती. म्हणजे चप्पल पायातून निघून जाणं आणि फरशीवरचा कापूस हे तिच्या जाण्यानं आलं नव्हतं. सगळ्यांनी दुःखाच्या नावावर टाकलं होतं ते साखरेचं होतं. मग दुःखाचं त्यातलं काय होतं, असा प्रश्न त्याला पडला.

करंगळी काढावी लागली. सही करताना, आणि नंतर पट्टीत बांधलेला पाय पाहताना, दयारामला वाईट वाटलं नाही. जखम भरायला थंडी उजाडली. त्या काळात शैलजा रोज संध्याकाळी पाटावर बसून कोमट पाण्यानं त्याचे पाय पुसायची, तळवे उजेडाकडे धरून पाहायची, बोटांच्या बेचक्या कोरड्या करायची. सुरुवातीला दयाराम पाय मागे ओढायचा. लेकीनं पाय धरावे हे त्याला कसंनुसं व्हायचं. निदान एवढं तरी त्याला व्हायचं. ती पुसताना विचारायची, "कळून राहिलं का काही?" तो म्हणायचा, नाही. काही दिवसांनी तो म्हणू लागला, थोडं थोडं. शैलजाला ते खोटं आहे हे कळत होतं. तिनं विचारणं सोडून दिलं, पुसणं सोडलं नाही.

एका संध्याकाळी तिनं पायाकडे पाहतच सांगितलं, "आई गेली ना बाबा, तेव्हा मी पण नाही रोई. सबको लगा मी रोई. मी बाथरूममध्ये फक्त नळ सोडून बसली होती."

दयारामनं पाय मागे ओढला नाही. "मले वाटलं मीच तसा आहो," तो म्हणाला.

गाडी चालवायला डॉक्टरांनी मनाई केली होती. दयारामनं हुज्जत घातली नाही. चावी देवळीत ठेवली आणि शैलजाला सांगितलं की बसचे धक्के खाण्यापेक्षा पनागरला गाडी घेऊन जात जा, उभी राहिली तर खराब होईल. पहिले काही दिवस तो तिच्यासोबत डावीकडे बसून गेला. तिचा चौथा गिअर लवकर पडायचा, गाडी गुरगुरायची. तो एवढंच सांगायचा, थोडं थांब, आता टाक. ती टाकायची. महिन्याभरात त्याला सांगावं लागेना. तरी तो जात राहिला, कारण घरी काय करायचं हा प्रश्न होता. शैलजा शाळेत जायची आणि तो गाडीत बसून राहायचा, काच खाली करून. मटारचा हंगाम होता. रस्त्यानं पोती लादलेले टेम्पो मंडीकडे जात होते आणि सगळ्या पनागरला हिरवा वास येत होता. वास येतो आहे हे त्याच्या लक्षात आलं, एवढंच.

शाळेच्या मोठ्या बाई प्रमोदिनी वासनिक. निवृत्तीला आलेल्या, जाड चष्म्याच्या. एक दिवस त्या फाटकाबाहेर आल्या आणि गाडीपाशी वाकून म्हणाल्या, "तुमी शैलजाचे बाबा ना जी? रोज उन्हात काहून बसता? चहा ठेवला आहे, या आत."

बोली भंडाऱ्याकडची होती, चढउतार अगदी तसेच. शैलजाच्या तोंडून ती निम्मी हिंदी होऊन यायची. अशी अख्खी बोली दयारामच्या कानावर बऱ्याच दिवसांत पडली नव्हती. एरवी तो नाही म्हणाला असता. त्यानं जोड्यात हात घालून आत काही नाही ना ते बोटांनी चाचपलं, मग जोडे घातले आणि खाली पाहत, पाऊल कुठे पडतं ते डोळ्यांनी ठरवत, त्यांच्या मागे गेला.

ऑफिसात टेबलावर मटारच्या शेंगांचा ढीग होता. कुण्या मुलाच्या घरून आल्या होत्या. प्रमोदिनीबाईंनी कप पुढे ठेवला आणि बोलता बोलता शेंगा सोलू लागल्या. गाव कोणतं विचारलं, मग माहेर कोणतं विचारलं, म्हणजे बायकोचं. दयारामनं सांगितलं, तुमसर. ती आता नाही, हेही सांगितलं. बाई अरेरे म्हणाल्या, पण त्यांचे हात थांबले नाहीत.

"तिले मटार सोलण्याचा भारी कंटाळा," दयाराम म्हणाला. "हंगामात मी पोतं आणायचो, आणि ती म्हणायची, आणलं तुमी, सोला तुमीच."

"मग?"

"मग मी सोलायचो. ती बाजूला बसून दाणे खायची. भाजीले अर्धेच उरत."

प्रमोदिनीबाई हसल्या. दयारामनं एक शेंग उचलली, अंगठ्यानं फोडली. बोटांना सगळं कळत होतं, शेंगेची शीर, दाण्यांचा गारवा. तो सांगत गेला. लग्नात ती किती बारीक होती, रांझीच्या घरात पहिल्या रात्री पाल पाहून कशी पलंगावर चढली, फॅक्टरीच्या भोंग्यावर घड्याळ कशी लावायची, हिंदी शिकायला तिला किती वर्षं लागली आणि शिकल्यावर भाजीवाल्यांशी कशी भांडायची. डोळे कोरडे होते. आवाज कुठे अडला नाही. फक्त तो बोलत होता, आणि इतकं एका दमात त्यानं मागे कधी बोलल्याचं त्यालाच आठवत नव्हतं.

घंटा झाली. मुलं धावत बाहेर पडली. शैलजा पिशवी घेऊन गाडीपाशी गेली, गाडी रिकामी पाहून घाबरली, आणि मग ऑफिसच्या खिडकीतून तिला बापाचा आवाज ऐकू आला. ती आत गेली नाही. व्हरांड्याच्या पायरीवर बसली आणि तुमसरच्या आपल्या आईच्या ज्या गोष्टी तिला माहीत नव्हत्या, त्या ऐकत राहिली.